दोन उलटे, दोन सुलटे

चहा घ्या आधी. गरम आहे तोवर घ्या, कारण हे ऐकताना तुम्ही मध्येच कप खाली ठेवाल आणि माझ्या तोंडाकडे बघत बसाल. सगळेच बसतात. मला आता सवय झाली आहे.

गाढवपणा कोण करत नाही? पण माणूस घरात करतो, चार भिंतींच्या आत, आणि बायको सोडून कुणाला कळत नाही. माझा गाढवपणा उडाला. अक्षरशः हवेत उडाला, आणि सगळ्या गावानं मान वर करून पाहिला.

माझा नागपुरात धरमपेठेत फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो, व्हिडिओ, आणि गेल्या काही वर्षांपासून ड्रोनही. नवरदेव घोडीवर बसला की माझा ड्रोन वरून भिरभिरतो आणि वरातीतले सगळे नाचणं सोडून वर बघतात. हा ड्रोन दोन तळव्यांत मावतो. त्याचे पंखे दाबून जरा फिरवले की टक्कन बसतात. नट नाही, पाना नाही. पण चार वराती उडवल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्याला ड्रोन कळतो. मला तर वाटायला लागलं होतं की ड्रोनलाही मी कळतो.

माझी धाकटी बहीण वंदना पारशिवनीच्या पुढच्या एका गावात दिली आहे. तिथं तिच्या बचत गटानं फवारणीचा ड्रोन घेतला. वंदना रीतसर ट्रेनिंगला गेली, परीक्षा दिली, पास झाली, आणि गटातली ड्रोन चालवणारी ठरली. हा ड्रोन म्हणजे खेळणं नव्हे. जेवणाच्या टेबलाएवढा पसारा, खाली पाण्याची टाकी, आणि चार कोपऱ्यांवर हातभर लांब पात्यांचे चार पंखे. त्यातला एक जरी हवेत निसटला तर काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

वंदनाचे सासरे तुळशीरामजी. माणूस सज्जन, सुनेवर जीव आहे, पण हे ड्रोनचं प्रकरण त्यांना पटलं नव्हतं. पाठीवरच्या पंपानं इतकी वर्षं फवारणी झाली, आता सुनेनं शेतावर विमान कशाला उडवायचं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. वंदना काही बोलायची नाही. पण तिनं ठरवलं होतं की एकदा सगळ्यांसमोर ड्रोन उडवून दाखवायचा. तालुक्याहून कृषी खात्याच्या मॅडम येणार, आसपासच्या गावांतले शेतकरी येणार. नीट झालं तर धानाच्या हंगामात गटाला कामच काम. बिघडलं तर तुळशीरामजी आयुष्यभर "मी म्हणत नव्हतो?" म्हणायला मोकळे.

तर या दिवसासाठी तिनं मला बोलावलं. कशाला? व्हिडिओ काढायला. फक्त व्हिडिओ काढायला. हे वाक्य मी मनाशी नंतर इतक्या वेळा म्हटलंय की विचारू नका.

सकाळी मी पोचलो तेव्हा शेताच्या कडेला मांडव घातलेला होता, खुर्च्या लागल्या होत्या, आणि मोकळ्या पट्टीत ड्रोन तयार उभा होता. वंदना खुर्च्यांच्या पुढं दोरी बांधत होती. तीही चांगली लांब, ड्रोनपासून दूर. मी म्हटलं, अगं इतक्या लांबून लोकांना दिसणार काय, सर्कस आहे का ही? तिनं ऐकलं नाही. दोरीच्या आत कुणी यायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलंय म्हणाली. मी हसलो. हसलो, बरं का.

मग मी तिला एक युक्ती सांगितली. नुसतं पाणी फवारलं तर लांबून दिसणार नाही, म्हणून टाकीत कपड्यांची नीळ टाकायची. निळे तुषार उडतील, व्हिडिओत कसे झकास येतील. तिला ते पटलं. त्या दिवशी माझं तिनं जे जे ऐकलं, ते ते ऐकायला नको होतं.

तेवढ्यात निरोप आला की मॅडमची गाडी पारशिवनीतच बंद पडली आहे. वंदना तिच्या नवऱ्याला घेऊन त्यांना आणायला निघाली. जाताना म्हणाली, "दादा, मी पंखे काल लावून ठेवले हाय. आली की एकदा सगळं तपासतो. तू बस, चहा घे."

आता मी बसलो असतो, चहा घेतला असता, तर काय बिघडलं असतं?

पण तुळशीरामजी शेजारी येऊन बसले आणि त्यांनी काळजी बोलून दाखवली. म्हणाले, पाव्हणे, तुमी तर यातले जाणकार, हे पाते हवेत निसटत तर नाही ना? आता "जाणकार" म्हटल्यावर माणूस खुर्चीत बसून राहील का? मी उठलो. त्यांच्या मोटारपंपाच्या पेटीतून पाना घेतला आणि ड्रोनकडे गेलो.

प्रत्येक पंखा एकेका नटानं बसवलेला होता. मी पहिल्या नटाला पाना लावून उजवीकडे फिरवला. घट्ट. हलला नाही. दुसऱ्याला लावला, उजवीकडे फिरवला, आणि तो फिरला. ढिला! तिसरा पुन्हा घट्ट. चौथा पुन्हा ढिला. मी तुळशीरामजींकडे वळून म्हटलं की बघा, चारातले दोन नट ढिले निघाले. मी आलो म्हणून बरं.

तुळशीरामजींनी फक्त मान हलवली. पण त्या मानेत सगळं होतं. सुनेचं ट्रेनिंग, तिची परीक्षा, सगळ्यावर पाणी पडलं होतं. आणि मला, तिच्या सख्ख्या भावाला, ते कळलंही नाही. मी आपला खुशीत नट कसत होतो.

कसत होतो म्हणजे काय, फिरवत होतो. गंमत अशी की ते दोन नट कितीही फिरवले तरी घट्टच होईनात. आणखी फिरवले, तर आणखी सैल लागले. शेवटी एक नट माझ्या हातातच आला. मग दुसराही आला. मी समजलो, आटे झिजलेत. नवा ड्रोन आणि आटे झिजलेले. मी कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

ड्रोनच्या पेटीवर सर्व्हिसवाल्याचा फोन नंबर होता. मी लावला. गावात रेंज अशी की एक शब्द येतो आणि दोन जातात. मी त्याला ओरडून सांगितलं की दोन पंखे नीट बसत नाहीत. तो हिंदीत म्हणाला, "दो उल्टे रहते है साहब, बाकी दो सीधे. मॅडम को मालूम है, आप..." आणि फोन कटला.

परत लावला, लागला नाही. पण मला उत्तर मिळालं होतं. दोन उलटे, दोन सुलटे. माझी बायको हिवाळ्यात स्वेटर विणताना हेच तर म्हणत असते! म्हणजे वंदनानं चारही पंखे सुलटे लावून टाकले होते, म्हणून नट बसत नव्हते. किती सोपं. मी दोन्ही पंखे काढले, पालथे केले आणि पुन्हा चढवले. त्यांच्यावर काही अक्षरं छापलेली होती, ती आता खाली गेली. गेली तर गेली, अक्षरं काय वाचायची आहेत का हवेत.

नट मात्र अजूनही नखरे करत होते. उजवीकडे फिरवून आटे धरतच नव्हते. इकडे फिरव, तिकडे फिरव करता करता एकदाचे जेमतेम टोकावर बसले. तेव्हा मला तुळशीरामजींच्या पेटीत ती नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप दिसली. मी दोन्हीकडे चांगली जाड गुंडाळली आणि नट दाबून बसवले. हातानं हलवून पाहिले. हलेनात. मी कपाळावरचा घाम पुसला. एवढं मनापासून काम मी स्टुडिओत कधी केलं नाही.

वंदना मॅडमना घेऊन आली तेव्हा मांडव भरला होता आणि तासभर उशीर झाला होता. मॅडमना पुढं दुसऱ्या गावाला जायचं होतं. वंदना थेट ड्रोनकडे निघाली, तपासायला. आणि तुळशीरामजी सगळ्यांसमोर, अगदी शांतपणे बोलले.

"वंदना, तुह्ये दोन नट ढिले होते. पाव्हण्यानं पाह्यले म्हणून बरं झालं."

मॅडमनी वंदनाकडे पाहिलं. वंदनाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली की काल मी स्वतः कसले होते, मामाजी. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "दादा, काय केलं तू?"

मी म्हटलं, सगळं पक्कं केलंय. तरी ती पुढं निघाली. तेव्हा मला, सांगायला लाज वाटते, मला राग आला. सगळ्यांसमोर ही माझं काम तपासणार? मी म्हटलं, "वंदे, माझ्यावर भरोसा नाही काय तुले? जबाबदारी माझी."

ती थांबली. मॅडम घड्याळ बघत होत्या, सासरे बघत होते, गाव बघत होतं. लहानपणापासून माझं ऐकत आलेली बहीण. तिनं एकदा ड्रोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, ठीक आहे. फक्त दोरी आणखी मागं घ्या, खुर्च्या पण. लोक कुरकुरत उठले, खुर्च्या मागं सरकल्या, आणि तिनं रिमोट हातात घेतला.

मी कॅमेरा सुरू केला.

ड्रोन उठला. उठला म्हणजे, हिंदोळे खात, कण्हत, गाईनं उठावं तसा मागून आधी उठला. धान मळल्यावर राहिलेल्या तणसीचा ढीग पलीकडे होता, त्याच्या बाजूला तो सारखा कलत होता. वंदना नजर न हलवता म्हणाली की दादा, आवाज वेगळाच येऊन राहिला. मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता सांगितलं, वजन आहे ना, म्हणून.

तिनं माझं ऐकलं नाही. सकाळच्या दोरीनंतर पहिल्यांदाच. तिनं ड्रोन तिथूनच खाली घ्यायला सुरुवात केली. पण फवारा सुरू झालेला होता, निळे तुषार उडत होते, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आणि त्या टाळ्यांमध्येच एक पंखा निसटला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. पात्यांनी हवा कापत जाण्याचा. पंखा फिरत, लकाकत मांडवाकडे आला आणि दोरीच्या थोडा अलीकडे जमिनीत रुतला. जिथं सकाळी पहिली दोरी होती, ती जागा ओलांडून पुष्कळ पुढं. तिथं आधी पहिल्या रांगेच्या खुर्च्या होत्या. तिथं मॅडम बसल्या असत्या.

ड्रोन आडवा झाला, गिरकी घेतली, आणि फवारा आडवा मांडवावर फिरला. सगळं निळं. मॅडमची फिक्या रंगाची साडी निळी, सरपंचांची टोपी निळी, तुळशीरामजींचं पांढरंशुभ्र धोतर निळं, माझा कॅमेरा निळा. मग तो धाडकन तणसीच्या ढिगात घुसला आणि वंदनानं मोटर बंद केली.

कुणालाही लागलं नाही. हे मी आधी सांगून टाकतो, कारण त्या क्षणी मला तेही माहीत नव्हतं. मी खुर्च्यांमधून माणसं मोजत फिरत होतो, जणू मला आधी किती होती ते ठाऊक होतं.

तुळशीरामजी धोतराकडे बघत म्हणाले, मी म्हणत नव्हतो? ढिल्या नटावर विमान उडवते काय कोणी? चार-सहा माणसांनी माना डोलावल्या. वंदना तणसीत गुडघ्यावर बसली होती, पाठमोरी. तिचे खांदे बघून मला कळलं, ती रडत नव्हती. ती शोधत होती.

तिनं ड्रोनवर अजून अडकलेला एक पंखा पाहिला, अक्षरं खाली असलेला. मग निसटलेल्या पंख्याचा रिकामा दांडा पाहिला, ज्यावर पांढरी टेप लोंबत होती. ती उठून माझ्याकडे आली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"दादा, पंखे पालथे काहून लावले?"

मी सांगितलं, सर्व्हिसवाला म्हणाला, दोन उलटे, दोन सुलटे.

तिनं डोळे मिटले. मग मला, आणि पाठीमागे येऊन उभ्या राहिलेल्या मॅडमना, समजावून सांगितलं. चारातले दोन पंखे एका दिशेनं फिरतात, दोन विरुद्ध दिशेनं. म्हणून दोन नटांचे आटे उलटे असतात. ते डावीकडे फिरवून कसायचे असतात. उजवीकडे फिरवले की सुटतात. पंखा मात्र कधीच पालथा लावायचा नसतो, अक्षरं नेहमी आभाळाकडे. मग मला विचारलं, पाना कोणत्या बाजूनं फिरवला होता?

मी हातानं करून दाखवलं. उजवीकडे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि असा पडला की अंधार बरा होता. ते दोन नट ढिले नव्हतेच. ते छान कसलेले होते. तिनं कसलेले होते. मी ते सोडले, सोडून तिलाच ढिसाळ ठरवलं, आणि वरून जबाबदारी घेतली.

मी मांडवात गेलो आणि तुळशीरामजींसमोर उभा राहिलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, नट वंदनानं बरोबर कसले होते. ते मी ढिले केले.

तुळशीरामजी धोतराचा निळा सोगा पिळत म्हणाले, "म्हणजे पाव्हणे, कसलेले होते ते तुमी सोडले, अन् सोडले ते कसले म्हणून सांगतलं?"

मी म्हटलं, हो.

"अन् तुमी जाणकार."

मी म्हटलं, हो.

मॅडम मात्र त्या रुतलेल्या पंख्याजवळ गेल्या होत्या. तिथून दोरीपर्यंत त्या चालत आल्या आणि वंदनाला म्हणाल्या की दोरी मागं घ्यायला सांगितली नसती तर आज मी इथं उभी नसते. ड्रोन दुरुस्त करा, मी परत येते. आणि येताना जुनी साडी नेसून येते.

नागपूरला परतताना कन्हान नदीचा पूल ओलांडेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. गाडीत मी एकटाच होतो म्हणा, पण एरवी मी गाणं गुणगुणतो. घरी बायकोनं सगळं ऐकलं आणि स्वेटरची सुई खाली ठेवून एवढंच म्हणाली की पुन्हा माझ्या विणकामाचं नाव कुठं घेऊ नका. स्टुडिओत मी ड्रोनची जाहिरात काढून ठेवली. रात्री झोप लागेना. डोळे मिटले की तो पंखा लकाकत यायचा आणि त्या रिकाम्या जागेवर मला कुणीतरी बसलेलं दिसायचं.

ड्रोन दुरुस्त झाला. वंदनानं पुन्हा उडवून दाखवला, सुरेख उडवला, आणि त्या दिवशी मला बोलावलं नाही. ते बरोबरच होतं. नंतर कळलं की धान फवारायला आसपासच्या गावांतून बोलावणी येतात आणि तुळशीरामजी स्वतः दोरी बांधतात, गरजेपेक्षा दुप्पट लांब.

मग एका दुपारी वंदनाचा फोन आला. म्हणाली, दादा, आपल्या गावात नव्या बायांचं ट्रेनिंग हाय, तुले याच लागते. मॅडमनी मुद्दाम नाव घेतलं.

मला काय वाटलं असेल? वाटलं, झालं गेलं लोक विसरले. मी इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत सुरक्षिततेवर भाषण तयार केलं, जोरात म्हणून पाहिलं, पारशिवनी येईपर्यंत पाठ झालं. तिथं बाया ओळीनं बसल्या होत्या, समोर ड्रोन होता. मॅडमनी नमस्कार केला. मी घसा साफ केला.

वंदना म्हणाली, "दादा, भाषण नको. हा पाना घे अन् त्या दिवशी फिरवला तसा फिरव."

मी फिरवला. नट सुटला. वंदना बायांना म्हणाली, पाह्यलं? असं करायचं नाही. बायांनी माना डोलावल्या. एकीनं तर जवळ येऊन माझा हात कसा धरलाय तेही नीट पाहून घेतलं.

तेव्हापासून दर ट्रेनिंगला मला बोलावणं असतं. मी जातो, पाना धरतो, चुकतो, चहा पितो, परत येतो. आता त्यातही मन लागायला लागलं होतं. म्हटलं, चला, कशाला तरी उपयोगी पडलो.

तर काल गेलो होतो. बाया बसल्या, वंदनानं पाना दिला. आणि माझं काय झालं कुणास ठाऊक, इतक्या वेळा ऐकून ऐकून डोक्यात बसलं असेल, मी त्या उलट्या आट्याच्या नटाला पाना लावला आणि डावीकडे फिरवला. नट छान घट्ट बसला.

बाया गोंधळल्या. आता हे करायचं की नाही, असं त्या एकमेकींना विचारायला लागल्या. वंदनानं कपाळाला हात लावला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली,

"दादा, तुले साधं नीट चुकता पण येत नाही काय?"